लोकगीत, दूरचित्रवाणी आणि बालकाचा प्रतिसाद : आहुपे परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रास्ताविक

पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या ऐन कड्यावर आहुपे हे गाव वसले आहे. गावाच्या पश्चिमेस आहुपे घाटाची वाट ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात उतरते. पूर्वेस घोड नदीचे खोरे डिंभे धरणाच्या जलाशयाकडे उलगडत जाते. वस्ती प्रामुख्याने महादेव कोळी या आदिवासी जमातीची आहे. खाचरांतील भात, वरकस जमिनीवरील नाचणी व वरई आणि रानातला हिरडा यांवर येथील निर्वाह चालत आला. गावची देवराई वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकांना चांगली परिचित आहे. गावचे गाणे मात्र अभ्यासकांच्या नजरेत त्या मानाने फारसे आलेले नाही.

अशा गावाच्या संदर्भात दूरचित्रवाणीच्या इतिहासाचा विचार करणे प्रथमदर्शनी विसंगत वाटण्याचा संभव आहे. दूरचित्रवाणी हे शहरातून निघून खेड्याकडे गेलेले माध्यम होय आणि आहुपे तर त्या प्रवासाच्या अगदी शेवटच्या टोकाला. परंतु एखाद्या माध्यमाने काय साधले व काय राहून गेले, हे केंद्रापेक्षा टोकावरून अधिक स्पष्ट दिसते. लहान मुलाला संगीताची पहिली ओळख कोण करून देते, ती कोणत्या बोलीत होते आणि त्या ओळखीत मुलाला स्वतःच्या गळ्याने काही करता येते की नाही, हे प्रश्न पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यात बसून विचारले तर त्यांची धार बोथट होते. ज्या वाडीत आजीच्या गाण्याची बोली आणि पडद्यावरच्या गाण्याची बोली यांत अंतर आहे, तेथे ते खऱ्या अर्थाने निकडीचे ठरतात.

मराठी दूरचित्रवाणीने गेल्या अर्धशतकात लोकगीत मुलांना ऐकवले, दाखवले, पुढे त्याची स्पर्धाही भरवली. परंतु ऐकणाऱ्या मुलाने सोबत गावे यासाठी लागणारी मोकळी जागा तिने क्वचितच ठेवली, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. ही उणीव केवळ यंत्रसामग्रीच्या अभावातून आलेली नव्हती. लोकगीत म्हणजे काय, याविषयीच्या समजुतीतूनही ती आली होती.

पडद्यापूर्वीचे गाणे

मावळपट्ट्यातील ग्रामीण घरात मुलाला संगीत शिकवण्याची वेगळी वेळ नव्हती. पहाटे जाते सुरू होई. आईच्या मांडीवर डोके ठेवून मूल अर्धवट झोपेत ओवी ऐके. जात्याच्या फेऱ्याबरोबर गळा वरखाली होई आणि दळणाला दुसरी बाई बसलेली असली, तर एकीने सुरू केलेली ओळ दुसरी उचलून धरी. आधी ऐकणे, मग शेवटचा शब्द पुटपुटणे, मग अख्खी ओळ आणि मोठेपणी स्वतःची ओवी, अशा पायऱ्या कोणी न आखता आखल्या जात. शेतातल्या भलरीत हाच क्रम पुरुषांच्या गळ्यातून चाले. गौरीच्या सणाला फुगड्या रंगत तेव्हा लहान मुली कडेला उभ्या राहून पाहत, टाळ्यांचा ताल धरत आणि पुढच्या वर्षी फेरात शिरत. देशावरील हादग्याची रीत तर अध्यापनशास्त्राच्या दृष्टीने विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. पहिल्या दिवशी एक गाणे, दुसऱ्या दिवशी दोन, असे सोळाव्या दिवसापर्यंत वाढत जाणारे हे गायन म्हणजे उजळणीसह नवा पाठ देण्याची एक परिपूर्ण योजना होय. ती कोणत्याही शिक्षण खात्याने तयार केलेली नाही.

या गाण्यांचे संगीतरूप लहान गळ्याला सोयीचे असते. बहुतेक चाली तीन ते पाच स्वरांच्या आत फिरतात. ओळी आखूड असतात, एखादा शब्द बदलून तीच ओळ पुन्हा येते आणि लयीचा झोका बहुधा सहा मात्रांच्या अंगाने जातो. सुराची पट्टी ठरलेली नसते. गाणारी बाई ज्या स्वरावर सुरू करील तो षड्ज. मुलाचा आवाज पोहोचला नाही, तर ती सहज पट्टी बदलते. या साऱ्याहून महत्त्वाचे असे की एकीने म्हटल्यानंतर दुसऱ्यांनी म्हणावे, हे या गाण्यांच्या घडणीतच बसवलेले असते. प्रतिसाद आला नाही, तर गाणे पुढे सरकत नाही.

महाराष्ट्रातील लोकगीतांच्या संकलनाची परंपरा मोठी आहे. साने गुरुजींनी 'स्त्री जीवन' या ग्रंथात ओव्यांचे मोठे धन एकत्र केले. डॉ. सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या माध्यमातून खंडांमागून खंड प्रसिद्ध केले. गी पॉइत्वँ आणि हेमा राईरकर यांनी मुळशी, मावळ व अन्य भागांतील बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचा जो उपक्रम उभा केला, त्यातील ओव्यांची संख्या १ लाखाहून अधिक भरते. २०१७ पासून त्या 'परी' या संस्थेच्या संकेतस्थळावर मूळ गायनासह क्रमाक्रमाने उपलब्ध होत गेल्या. महादेव कोळी समाजाविषयी डॉ. गोविंद गारे यांनी केलेले लेखन मूलभूत स्वरूपाचे आहे. जुन्नर तालुक्यातील निमगिरीसारख्या डोंगरी गावातून आलेल्या या अभ्यासकाने आपल्याच समाजाचे जीवन आतून नोंदवले, हे विशेष. तथापि, पॉइत्वँ-राईरकर यांच्या ध्वनिमुद्रणांचा अपवाद वगळता संकलनाचा भर शब्दांवर राहिला. कागदावर ओवी उतरली. तिच्यात मुलाने कोठे 'हूं' म्हटले, कोठे टाळी दिली, आजी कोठे थांबली, हे उतरले नाही. पुढे जेव्हा हीच गीते दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमांचा कच्चा माल झाली, तेव्हा ती छापील पानावरून आली होती. प्रतिसादाची जागा त्यातून आधीच निसटलेली होती.

येथे दूरचित्रवाणीवर सारा दोष टाकणे इतिहासाला धरून होणार नाही. पडदा येण्यापूर्वीच या गाण्यांच्या बैठका मोडू लागल्या होत्या. पिठाची गिरणी आली तेव्हा बाईच्या खांद्यावरचे एक मोठे ओझे उतरले, ही गोष्ट आनंदाचीच. मात्र ओवीचे स्थान त्याबरोबर गेले. डिंभे धरणाच्या जलाशयात जुन्या आंबेगावसह काही गावे बुडाली आणि त्यांतील कुटुंबे विखुरली. १९७२-७३ पासून महाराष्ट्र शासनाने आदिवासी भागांत आश्रमशाळांची योजना विस्ताराने राबवली. आहुपे येथेही शासकीय आश्रमशाळा चालते. या शाळांमुळे डोंगरातील पहिल्या पिढीला अक्षरओळख झाली, याचे मोल कमी लेखता येणार नाही. परंतु सहा-सात वर्षांचे मूल निवासी शाळेत आले की पहाटेचे आणि सांजेचे घरचे गाणे त्याच्या दिनक्रमातून वजा होते. त्याच्या जागी प्रार्थना, समूहगीत व पाठ्यपुस्तकातील कविता येतात. त्या सर्व प्रमाण मराठीत असतात. मुलाला नकळत मिळणारा संदेश असा, की गाणे ही बाहेरून येणारी वस्तू आहे.

कोसबाडचा दाखला

हा संदेश अटळ नव्हता, हे महाराष्ट्राच्याच इतिहासातून दाखवता येते. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये अनुताई वाघ यांच्यासह ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. तेथील मुले बहुतांशी वारली. ती शाळेत येत नाहीत, हे पाहिल्यावर या दोघींनी शाळाच मुलांच्या अंगणात आणि गुरे चरतात त्या कुरणात नेली. अंगणवाडी व कुरणशाळा हे शब्द त्यातून रूढ झाले. माँटेसोरी पद्धतीची महागडी साधने बाजूला ठेवून गोटे, बिया, पाने, शिंपले यांपासून साधने तयार करण्यात आली आणि गाणे व हालचाल यांना शिक्षणात मानाचे स्थान मिळाले. बालशिक्षणाचे साहित्य मुलाच्या परिसरातून घ्यावे, हे तत्त्व ग्रंथात सांगणे सोपे असते. कोसबाडला ते रोजच्या रोज पाळले गेले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. त्या केंद्रांना 'अंगणवाडी' हेच नाव मिळाले. नावाबरोबर तत्त्व किती गेले, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरावा.

कोसबाडचा हा अनुभव ज्या दशकांत परिपक्व होत होता, त्याच दशकांत दूरचित्रवाणी महाराष्ट्रात आली. दोन्ही प्रवाह एकमेकांना भेटले असते तर मराठी बालकार्यक्रमांचा इतिहास वेगळा झाला असता, असे म्हणण्यास जागा आहे.

उपग्रह शेजारी, चित्र दूर

जुन्नर आणि आंबेगाव या शेजारी तालुक्यांच्या बाबतीत इतिहासाने एक गमतीचा योग जुळवून आणला आहे. नारायणगावजवळील आर्वी येथे परदेशी दूरसंचारासाठी 'विक्रम' उपग्रह भूकेंद्र उभारण्यात आले आणि १९७२ मध्ये तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते ते राष्ट्राला अर्पण झाले. व्यापारी तत्त्वावर चालणारे ते देशातील पहिले भूकेंद्र होय. त्याची प्रचंड तबकडी हिंदी महासागरावरील उपग्रहाशी बोलत असे. तमाशाची पंढरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आणि विठाबाई नारायणगावकरांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या गावाच्या शिवाराजवळ ही तबकडी उभी राहिली. त्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९७२ रोजी, मुंबई दूरदर्शनचे प्रसारण सुरू झाले आणि १९७३ मध्ये सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे ते पुण्यात दिसू लागले. पण आहुप्याच्या मुलांना यांपैकी कशाचाच उपयोग नव्हता. सिंहगड ते आहुपे हे हवाई अंतरच सुमारे ९० किलोमीटरचे आहे. दूरचित्रवाणीची लहर साधारणतः दृष्टिरेषेत जाते आणि मध्ये डोंगरांच्या रांगा उभ्या. वाड्यांवर वीज उशिरा आली. आल्यावरही पावसाळ्यात ती टिकेलच याची खात्री नसे.

खेड्यातील बालकांपर्यंत उपग्रहाद्वारे कार्यक्रम पोहोचवण्याचा पहिला मोठा भारतीय प्रयोग म्हणजे 'साइट' होय. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात ६ राज्यांतील सुमारे २,४०० गावांत थेट ग्रहण करणारे संच बसवण्यात आले आणि रोज सकाळी शाळकरी मुलांसाठी साडेबावीस मिनिटांचा कार्यक्रम होऊ लागला. या ६ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पुढे 'इन्सॅट' मालिकेतील उपग्रहांच्या आधारे जी शैक्षणिक दूरचित्रवाणी योजना आखली गेली तीत महाराष्ट्राचा समावेश झाला. परंतु प्रारंभी निवड झाली ती नागपूर परिसराची. सह्याद्रीच्या माथ्यावरील गावे पुन्हा एकदा वगळली गेली.

याच योजनेतून २७ जानेवारी १९८४ रोजी पुण्यात 'बालचित्रवाणी' म्हणजेच राज्य शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली. दिनांक योगायोगाने निवडलेला नसावा. १९६७ मध्ये 'बालभारती'ची, म्हणजे पाठ्यपुस्तक मंडळाची, स्थापनाही २७ जानेवारीलाच झाली होती. पाठ्यपुस्तकाचे पडद्यावरील भावंड, अशीच बालचित्रवाणीची कल्पना होती, आणि तिचे बळ व मर्यादा दोन्ही यातूनच आल्या. ५ ते ८ आणि ९ ते ११ अशा दोन वयोगटांसाठी तिने हजारो कार्यक्रम तयार केले. कथा, विज्ञान, भाषा, बाहुल्यांचे खेळ आणि गाणी, असा त्यांचा पसारा होता. एका पिढीला तिचे शीर्षकगीत आजही पाठ आहे. विचार करण्याजोगी बाब अशी, की रोज त्याच वेळी आणि त्याच चालीत ऐकू येणारे हे शीर्षकगीत मुले खरोखर सोबत गात असत. कोणताही अभ्यासक्रम त्यांना ते शिकवत नव्हता. पुनरावृत्ती, आखूड ओळी आणि सोपी चाल, म्हणजे लोकगीताचेच गुण, त्यात होते. शीर्षकगीताला जे आपोआप साधले, ते कार्यक्रमातील गीतांना मात्र साधले नाही. ती गीते पाठासारखी एकदा येत आणि जात.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर केंद्राच्या शैक्षणिक तंत्रज्ञान योजनेतून प्राथमिक शाळांना रंगीत दूरचित्रवाणी संच आणि रेडिओ-कॅसेट प्लेअर देण्याचे ठरले. या दोन यंत्रांतील फरक संगीतशिक्षणाच्या दृष्टीने मोलाचा आहे. कॅसेट थांबवता येते, मागे घेता येते. गुरुजींनी एक ओळ ऐकवली, यंत्र बंद केले आणि वर्गाकडून म्हणवून घेतली, असे करता येते. थेट प्रसारण कोणासाठी थांबत नाही. शिवाय कॅसेट प्लेअर बॅटरीवर चालतो. डोंगरी शाळेसाठी त्या काळात तोच अधिक उपयुक्त होता. पण धोरणकर्त्यांच्या आणि पालकांच्याही मनात प्रतिष्ठा पडद्याला होती.

दाखवले जाणारे गाणे

मुंबई दूरदर्शनवर मुलांसाठी 'किलबिल' हा कार्यक्रम होता. लोकगीतासाठी मात्र सर्वांत महत्त्वाचा कार्यक्रम मुलांचा नव्हताच. डॉ. सरोजिनी बाबर आणि शांता शेळके यांच्या संवादातून फुलणाऱ्या 'रानजाई'ने मराठी स्त्रीगीतांचे वैभव घराघरात नेले. एका बाजूला जन्मभर खेडोपाडी फिरून गाणी गोळा केलेली विदुषी आणि दुसऱ्या बाजूला लोकभाषेचा नाद ओळखणारी कवयित्री, असा तो योग होता. त्या काळातील प्रेक्षक आजही या कार्यक्रमाची आठवण काढतात, ते योग्यच आहे. तथापि 'रानजाई'मधील गाणे हे रसग्रहणाचे गाणे होते. ते समजावून सांगितले जाई, त्यामागील सासर-माहेर उलगडले जाई, आणि प्रौढ प्रेक्षक मान डोलावत असे. मूल त्या वेळी खोलीत असले तरी त्याला उद्देशून काही बोलले जात नव्हते. लोकगीत ही जपून ठेवण्याची, म्हणजे बहुधा संपत चाललेली वस्तू, ही भावना कार्यक्रमाच्या स्वरात होती. मुलाला संपत चाललेल्या वस्तूचे आकर्षण नसते.

दुसरी अडचण स्टुडिओची. लोकगीत स्टुडिओत आले की त्याच्यामागे हार्मोनियम, तबला, ढोलकी, पुढे सिंथेसायझर येई. पट्टी एकदा ठरली की ती वादकांच्या व गायिकेच्या सोयीची असे. पाच वर्षांच्या मुलाचा गळा त्यात धरलेला नसे. चालीला अलंकार चढत, दोन ओळींमधील विरामात वाद्यांचे तुकडे भरले जात. प्रसारणाच्या व्यवहारात शांतता हा दोष मानला जातो. निर्मात्याला पडद्यावरची दोन सेकंदांची स्तब्धताही खटकते, आणि म्हणून ज्या ठिकाणी मुलाने म्हणायचे, नेमक्या त्याच ठिकाणी बासरी वाजू लागते.

तिसरी अडचण बोलीची होती, आणि आहुप्याच्या दृष्टीने तीच सर्वांत कठीण. पडद्यावर 'आदिवासी गीत' म्हणून जे सादर होई, त्याचे उच्चार प्रमाण मराठीकडे झुकलेले, वेशभूषा ठोकळेबाज आणि गाणारे बहुधा शहरातील कलापथक असे. महादेव कोळी मुलाने ते पाहिले, तर त्यात त्याला आपले काय दिसावे? घरातल्या आजीच्या उच्चारांना शाळेत हसतात, आणि पडद्यावर तिच्यासारखी दिसणारी बाई पुण्याच्या उच्चारांत गाते, अशा पेचात मूल सापडते. आजीचे गाणे सोडून देणे हा त्यावरचा सर्वांत सोपा उपाय असतो, आणि मुले तोच करतात.

खासगी वाहिन्यांच्या काळात मुलांच्या गाण्याला अभूतपूर्व लोकप्रियता लाभली. झी मराठीवरील 'सा रे ग म प लिटिल चॅम्प्स' या २००८-०९ च्या पर्वाने महाराष्ट्राला वेड लावले. त्या पर्वाची विजेती कार्तिकी गायकवाड आळंदीची, म्हणजे आंबेगावच्या शेजारच्या खेड तालुक्यातील. अभंग, गवळण, लोकगीत हे प्रकार एका लहान मुलीच्या खड्या आवाजात घरोघर पोहोचले आणि ग्रामीण मुलेही गाऊ शकतात, असा विश्वास अनेक पालकांना वाटला. ही जमेची बाजू मान्य करावीच लागेल. परंतु स्पर्धेचा साचा मुलांची दोन गटांत विभागणी करतो : गाणारी थोडी आणि पाहणारी असंख्य. परीक्षक गुण देतात, प्रेक्षक लघुसंदेशाने मत देतात. सोबत गाणे हे त्या साच्यात बसतच नाही. उलट इतके निर्दोष गाणे ऐकल्यावर बेसूर मुलाने गप्प बसणे पसंत केले, तर आश्चर्य नव्हे. हादग्याच्या फेरात बेसूर मुलीला कोणी बाहेर काढत नसे.

मोकळी जागा

सोबत गाण्याची जागा माध्यमात ठेवता येते का, या प्रश्नाला जगातून मिळणारी उत्तरे उत्साहवर्धक आहेत. ब्रिटनमध्ये बीबीसीने १९३९ मध्ये नभोवाणीवर 'सिंगिंग टुगेदर' हा शालेय कार्यक्रम सुरू केला. वर्गातील मुले हाती गीतपुस्तिका घेऊन नभोवाणीबरोबर लोकगीते गात, आणि तो २००१ पर्यंत चालला. हंगेरीत झोल्तान कोदाय यांनी बेला बार्तोक यांच्यासह लोकगीते गोळा केली आणि मुलाची संगीतातील मातृभाषा ही त्याच्या लोकांचे गीत होय, या भूमिकेवर शालेय संगीतशिक्षणाची अख्खी पद्धत उभारली. अमेरिकेत १९९६ मध्ये सुरू झालेल्या 'ब्लूज क्लूज' या शिशुकार्यक्रमात निवेदक प्रश्न विचारून खरोखरच काही क्षण गप्प राहत असे. प्रौढांना विचित्र वाटणाऱ्या त्या शांततेत मुले घरबसल्या उत्तरे देत. तोच भाग आठवडाभर पुन्हा दाखवला जाई आणि पुनरावृत्तीबरोबर मुलांचा सहभाग वाढत असल्याचे दिसून आले. सोळा दिवसांच्या हादग्यात वाढलेल्या आजीला या निष्कर्षाचे नवल वाटले नसते.

मात्र याला एक मर्यादा आहे. पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात इंग्रजीभाषक घरांतील नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषेचे ध्वनी ऐकवण्यात आले. समोर बसून बोलणाऱ्या व्यक्तीकडून बाळांनी ध्वनिभेद आत्मसात केले. तेच साहित्य चित्रफितीवरून दाखवले तेव्हा काही शिकले गेले नाही. प्रयोग भाषेच्या ध्वनींचा होता, सुरांचा नव्हे. तरीही अगदी लहान वयात पडदा माणसाची जागा घेऊ शकत नाही, हा त्याचा इशारा संगीताच्या बाबतीतही विचारात घ्यावा लागतो. यातून निघणारा व्यावहारिक अर्थ असा, की मुलांसाठीच्या गीतकार्यक्रमाचा खरा प्रेक्षक एकटे मूल नसून मूल आणि त्याच्या शेजारी बसलेले मोठे माणूस अशी जोडी असते. कार्यक्रमाने आजीला तिचे गाणे आठवून दिले, तरी त्याचे निम्मे काम झाले.

मराठीत या जोडीला उद्देशून केलेला सर्वांत ठळक प्रयत्न संकटाच्या काळात झाला. करोनाच्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, आश्रमशाळांतील मुले आपापल्या वाड्यांवर परतली. २० जुलै २०२० पासून एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने तयार केलेली 'टिलीमिली' ही मालिका पहिली ते आठवीच्या मुलांसाठी सह्याद्री वाहिनीवर सुरू झाली. शिक्षकाचा वर्ग दाखवण्याऐवजी घरातील मोठी माणसे आणि मुले मिळून काहीतरी करून पाहत आहेत, अशी तिची मांडणी होती. जाळे नसलेल्या गावांत भ्रमणध्वनीवरचे वर्ग निरुपयोगी ठरत असताना उपग्रहावरून येणारी ही वाहिनी अनेकांना आधार वाटली. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनने सुरू केलेल्या, मासिक शुल्क नसलेल्या थेट प्रक्षेपण सेवेमुळे हे शक्य झाले होते. छपरावरच्या लहान तबकडीला सिंहगडाचा मनोरा दिसण्याची गरज नसते. दक्षिणेचे आकाश मोकळे असले की पुरते. आर्वीच्या महाकाय तबकडीपासून वाडीवरच्या या हातभर तबकडीपर्यंत पोहोचायला ३० हून अधिक वर्षे लागली. परंतु 'टिलीमिली'चा आधार पाठ्यपुस्तक हाच होता आणि ते साहजिक होते. गाणे तिच्यात आले ते पाठाच्या ओघात.

दरम्यान २०१७ मध्ये बालचित्रवाणी ही संस्था बंद करण्यात आली. तीन दशकांहून अधिक काळातील कार्यक्रमांत लोकगीतांचे, बडबडगीतांचे आणि बाहुल्यांच्या गाण्यांचे जे भांडार आहे, त्याची गीतनिहाय सूची प्रसिद्ध होणे, कोणते गीत कोणत्या भागातून आणि कोणाच्या गळ्यातून घेतले हे नोंदले जाणे, हे काम अभ्यासकांनी हाती घेण्यासारखे आहे. पुणे जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या मराठी, इतिहास व संगीत विभागांना ते संयुक्तपणे करता येईल. त्याला जोडून जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील ज्या आज्यांनी जात्यावर गायिले आहे त्यांचे ध्वनिमुद्रण व्हावयास हवे, आणि ते केवळ बाईचे नव्हे, तर बाई व तिच्या नातवंडांचे एकत्र व्हावे. जाते बंद होऊन बराच काळ लोटला आहे. या कामासाठी उरलेला अवधी फार नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आणि त्यानंतर २०२२ मध्ये आलेला पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा यांनी तीन ते आठ या वयासाठी घरच्या भाषेतील गाणी, गोष्टी व खेळ यांना अधिकृत स्थान दिले आहे. तेव्हा प्रश्न आता परवानगीचा उरलेला नाही. तंत्राच्या दृष्टीनेही मागणी फारशी नाही. गाणारी बाई गावातलीच असावी, सोबत तिची दोन-तीन मुले. हार्मोनियम नको, पट्टी तिने मुलांच्या गळ्याकडे पाहून धरावी. शब्द तिच्या बोलीत राहू द्यावेत, त्यांची दुरुस्ती करू नये. तेच गाणे आठवडाभर दाखवावे, आणि दुसऱ्या आठवड्यात नव्या गाण्याबरोबर जुनेही पुन्हा घ्यावे. ओळ सहा मात्रांची असेल, तर ती म्हणून झाल्यावर तिने सहा मात्रा गप्प राहावे, कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर तसाच ठेवावा आणि मागे काहीही वाजवू नये.